घरच्या फाइल सर्व्हरची उभारणी: मूळ प्रत कोणती, हे आधी ठरवावे

घरात एकदोन संगणक, तीनचार मोबाइल फोन आणि वेळोवेळी घेतलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्क साठल्या, की काही वर्षांत एक ठरावीक परिस्थिती निर्माण होते. एकाच समारंभाचे फोटो चार ठिकाणी सापडतात; त्यांपैकी एका ठिकाणी निवडक असतात, दुसऱ्या ठिकाणी सगळे असतात पण तारखा बदललेल्या असतात, आणि स्कॅन केलेल्या कागदपत्रांपैकी ताजी प्रत कोणती हे दर वेळी उघडून पाहावे लागते. घरी फाइल सर्व्हर, म्हणजे सर्वांच्या फाइली सांभाळून त्या नेटवर्कवरून देणारा एक संगणक, करावा असे बहुतेकांना वाटते ते जागा कमी पडू लागल्यावर. पण जागा नवी डिस्क घेऊनही वाढते. माझ्या मते सर्व्हर करायचा तो एवढ्याचसाठी, की प्रत्येक फाइलची मूळ प्रत एका ठरलेल्या जागी असावी आणि इतरत्र जे काही आहे त्या तिच्या नकला आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. एवढे पक्के केले, की यंत्र कोणते निवडावे इथपासून बॅकअप कसा घ्यावा इथपर्यंतचे बरेचसे निर्णय त्यातूनच निघतात. लिनक्सची फारशी ओळख नसलेल्या, परंतु शांतपणे बसून वाचायची तयारी असलेल्या वाचकासाठी हा लेख लिहीत आहे.

यंत्राला हात लावण्यापूर्वी घरातल्या फाइलींची मोजदाद करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. मग सर्व्हरवर नुसताच सगळ्या डिस्कांचा पसारा एकावर एक येऊन पडतो. दोन फाइली खरोखर एकच आहेत का, हे नावावरून किंवा तारखेवरून कळत नाही, ते त्यांच्या चेकसमवरून, म्हणजे फाइलच्या मजकुरातून गणिताने काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेवरून, कळते. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला चेकसम फाइलमधला एक बिट बदलला तरी पूर्णपणे बदलतो, त्यामुळे तो जुळला तर मजकूर एकच आहे असे निःशंकपणे मानता येते. अशा जुळ्या फाइली शोधून त्यांची यादी देणारी एफडुप्स यांसारखी साधने लिनक्सवर सहज मिळतात. मात्र त्यांना परस्पर पुसण्याचा अधिकार देऊ नये, यादी पाहून आपण स्वतः ठरवावे. संदेशांच्या अ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी आहे. ते डोळ्यांना मूळ फोटोसारखेच दिसतात, पण पाठवताना त्यांचा आकार कमी केला जातो आणि कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख व इतर माहिती बहुधा गळून पडते. त्यांचा चेकसम जुळणार नाही. तिथे मोठ्या आकाराची फाइल मूळ समजून पुढे जावे.

मोजदाद झाली की किती जागा लागेल हे कळते, आणि तिथे एक आकड्यांचा घोळ समोर येतो. डिस्क तयार करणारे १ टेराबाइट म्हणजे १० चा १२ वा घात इतके बाइट धरतात, तर संगणक पुष्कळदा २ चा ४० वा घात धरून मोजतो. त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क जोडल्यावर सुमारे ३.६४ एवढाच आकडा दिसतो. त्यातून ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत, आपल्या नेहमीच्या रचनेत ५ टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवते; ४ टेराबाइटवर ती २०० गिगाबाइट होते. ज्या डिस्कवर लिनक्स स्वतः राहते तिथे ही राखीव जागा उपयोगाची असते, निव्वळ साठवणीच्या डिस्कवर ती १ टक्क्यावर आणली तरी चालते.

यंत्राच्या निवडीवर लोक जितका वेळ घालवतात तितका तिला देण्याची गरज नाही. फाइली देण्याघेण्याचे काम अगदी हलके आहे आणि दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही ते सहज करतो. पाहायचे ते विजेच्या वापराकडे, कारण हे यंत्र दिवसरात्र चालू राहणार असते. सतत १० वॅट घेणारा छोटा संगणक वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खातो, आणि ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप सुमारे ५२६ युनिट; फुकट मिळालेले जुने यंत्र काही वर्षांत महाग पडते ते असे. जुना लॅपटॉप हा मधला चांगला मार्ग आहे. त्याची बॅटरी वीज गेल्यावर काही वेळ तग धरते, आणि यूएसबीवरच चालणारी अडीच इंची डिस्क जोडलेली असेल तर तिलाही तो पुरवठा मिळत राहतो. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपू नये यासाठी एक सेटिंग बदलावी लागते, आणि बॅटरी फुगली आहे असे दिसताच ती काढून टाकावी लागते. रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड वापरायचा असेल तर २०१९ मध्ये आलेला चौथा किंवा त्यानंतरचा घ्यावा, कारण त्याआधीच्या बोर्डांवर नेटवर्क आणि डिस्क दोन्ही यूएसबी २ च्या एकाच अरुंद वाटेने जात असत.

वेग कशाने ठरतो याबद्दल नवख्यांचा हमखास गैरसमज असतो. नेटवर्कच्या तारेवरच्या गिगाबिट जोडणीची कमाल मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट आहे आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास वेग मिळतो. आजची साधी फिरती हार्ड डिस्कही मोठी फाइल सलग वाचताना याहून वेगाने वाचते, म्हणजे अडथळा डिस्कचा नसून तारेचा असतो. त्यासाठी महागडी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घेणे व्यर्थ आहे. ५०० गिगाबाइट हलवायला या वेगाने सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. हेच काम १०० मेगाबिटच्या जोडणीवर बारा तासांहून अधिक चालते. गंमत अशी, की सर्व उपकरणे गिगाबिटची असूनही जोडणी मुकाट्याने १०० वर उतरलेली असू शकते. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. १०० मेगाबिटला न लागणाऱ्या एखाद्या जोडीतली तार तुटली असेल तर दोन्ही टोकांची उपकरणे आपसांत ठरवून खालच्या वेगावर येतात आणि कुठेही तक्रार करत नाहीत. म्हणून सर्व्हर मांडल्यावर पहिल्यांदा ईथटूल या कमांडने जोडणीचा वेग पाहावा आणि मग आयपर्फ३ ने दोन यंत्रांमधला प्रत्यक्ष वेग मोजावा. सर्व्हर स्वतः वायफायवर ठेवू नये. फोन आणि लॅपटॉप वायफायवर असले तरी हरकत नाही. हजारो छोट्या फाइली मात्र चांगल्या तारेवरूनही सावकाशच जातात, कारण प्रत्येक फाइलमागे उघडण्याबंद करण्याचा संवाद वेगळा होतो. त्यात बिघाड काहीच नसतो.

राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा पत्ता राखून द्यावा, म्हणजे तो उद्या वेगळ्या पत्त्यावर गेला असे होणार नाही. हे काम राउटरच्या पानावर दोन मिनिटांत होते.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत दोन रस्ते आहेत. ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारख्या तयार रचना ब्राउझरमधून चालवता येतात आणि पुष्कळ कामे बटणांवर आणून ठेवतात. दुसरा रस्ता म्हणजे डेबियन हे साधे लिनक्स बसवून आवश्यक तेवढेच वर चढवणे. मी दुसरा रस्ता धरला आणि नवख्यालाही तोच सुचवते. तयार रचनेत वाईट असे काही नाही; पण बिघाड होतो तेव्हा आतली मांडणी माहीत असावी लागते, आणि ती एकदा हाताने केल्याशिवाय माहीत होत नाही. घरच्या सर्व्हरला लागणाऱ्या गोष्टी तशाही मोजक्याच आहेत: डिस्क जागेवर बसवणे, वापरकर्ते तयार करणे, फाइली नेटवर्कवरून देणारा सांबा हा प्रोग्राम चालू करणे आणि बॅकअप लावणे. पडदा व कीबोर्ड फक्त बसवण्यापुरते लागतात. पुढचे सगळे काम एसएसएचद्वारे, म्हणजे नेटवर्कवरून कमांड देण्याच्या सुरक्षित जोडणीने, दुसऱ्या संगणकावरून करता येते.

डिस्क जागेवर बसवणे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते घरच्या सर्व्हरमधला सर्वांत फसवा भाग तोच आहे. लिनक्समध्ये डिस्कला वेगळे अक्षर मिळत नाही. ती एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते आणि त्यानंतर त्या फोल्डरमध्ये डोकावले की डिस्कवरच्या फाइली दिसतात. कोणती डिस्क कुठे जोडायची याची नोंद एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. तिथे डिस्क एसडीए, एसडीबी अशा नावांनी नोंदवू नये, कारण ही नावे यंत्र सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्यावर अवलंबून असतात आणि एक यूएसबी जास्त जोडली तरी बदलू शकतात. प्रत्येक फाइल सिस्टीमला यूयूआयडी हा स्वतःचा लांबलचक क्रमांक असतो. नोंद त्या क्रमांकाने करावी. सोबत नोफेल हा पर्याय लिहावा, म्हणजे एखादी डिस्क बंद पडली तरी यंत्र सुरू व्हायचे थांबणार नाही आणि दुरुस्तीसाठी आत शिरता येईल.

आता खरा सापळा. नोफेलमुळे डिस्क न जोडताच यंत्र सुरू झाले, तर ज्या फोल्डरवर ती जोडली जायची तो फोल्डर जागेवर असतोच, फक्त रिकामा असतो. घरातल्या कोणी त्यात फोटो टाकले तर ते मुकाट्याने लिनक्सच्या छोट्या डिस्कवर जातात. पुढे केव्हातरी मोठी डिस्क पुन्हा जोडली गेली की ते फोटो तिच्याखाली झाकले जातात. ते पुसलेले नसतात, पण दिसतही नाहीत. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन मूळ प्रती तयार होतात, आणि ज्यासाठी सर्व्हर केला त्याच गोष्टीला सुरुंग लागतो. याला एक सोपा उपाय आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर या कमांडने अपरिवर्तनीय अशी खूण करून ठेवावी. मग डिस्क नसताना त्यात मुख्य प्रशासकालाही काही लिहिता येत नाही, आणि डिस्क जोडली की व्यवहार नेहमीसारखा चालतो. फाइल ठेवताना त्रुटीचा संदेश येणे हे फाइल चुपचाप भलतीकडे जाण्यापेक्षा कितीतरी बरे.

यानंतर सांबा. विंडोज, मॅकओएस, लिनक्स आणि फोनवरची बरीच फाइल-अ‍ॅप एसएमबी हा प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची ठरलेली भाषा, जाणतात, आणि लिनक्सला त्या प्रोटोकॉलने बोलायला सांबा शिकवते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस याची पहिली आवृत्ती लिहिली, तीही नेटवर्कवरून जाणारे संदेश निरखून, समोरचे सॉफ्टवेअर आतून कसे आहे हे न पाहता. याच ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरस यांच्यासह १९९६ मध्ये आरसिंक तयार केले, ज्याच्या जोरावर पुढे आपण बॅकअप घेणार आहोत. एका माणसाच्या कामावर आपला घरचा संसार एवढा विसंबून असावा, हे मला नेहमी अचंबित करते.

सांबाच्या सेटिंगची फाइल साधी आहे: प्रत्येक सामायिक फोल्डरसाठी एक विभाग, त्यात फोल्डरचा पत्ता, कोणाला प्रवेश आहे आणि लिहिता येते की फक्त वाचता येते एवढे मुद्दे. बदल केल्यावर टेस्टपार्म ही कमांड चालवली की लिखाणातल्या चुका ती दाखवते. वापरकर्त्यांच्या बाबतीत दोन थर आहेत हे ध्यानात ठेवावे लागते. प्रत्येक माणूस लिनक्सचा वापरकर्ता असावा लागतो, आणि शिवाय सांबाच्या स्वतंत्र यादीत त्याचा पासवर्ड वेगळा नोंदवावा लागतो. लिनक्सचा पासवर्ड बरोबर असूनही सांबा आत घेत नाही, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

खरी गुंतागुंत हक्कांची आहे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो, आणि मालकाला, गटाला व उरलेल्या सर्वांना काय करता येईल हे वेगवेगळे लिहिलेले असते. घरातल्या सर्वांचा एक गट केला आणि सामायिक फोल्डर त्या गटाच्या नावे केला, तरी दुसऱ्याच दिवशी तक्रार येते, की एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला उघडता येते पण बदलता येत नाही. याची कारणे दोन. नवी फाइल तिच्या कर्त्याच्या मूळ गटाच्या नावे होते, घराच्या गटाच्या नावे होत नाही. त्यासाठी फोल्डरवर सेटजीआयडी हा बिट लावावा लागतो, म्हणजे आत तयार होणारे सगळे फोल्डरचा गट घेते. दुसरे असे, की सांबा नव्या फाइलला मुळात ०७४४ हे हक्क (शेवटचे तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतरांचे) देते, ज्यात गटाला फक्त वाचता येते. ते ०६६४ करावे लागतात आणि फोल्डरसाठी २७७५. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सगळे हक्क देणारे ७७७ लावून मोकळे व्हा, असा सल्ला मिळतो. त्याने तक्रार थांबते हे खरे, पण सोबत मूळ प्रतीला काही अर्थच उरत नाही, कारण ती कोणीही, कोणताही प्रोग्राम, केव्हाही बदलू शकतो.

माझी मांडणी चार भागांची आहे. प्रत्येकाचा एक खासगी फोल्डर, जिथे इतरांना प्रवेश नाही. एक सामायिक फोल्डर, जिथे सर्वांना लिहिता येते आणि जिथला पसारा हा पसाराच राहणार हे मान्य केलेले आहे. एक आवक फोल्डर, जिथे फोनमधले फोटो आणि स्कॅन येऊन पडतात. आणि संग्रह, जो घरातल्या प्रत्येकाला दिसतो, पण नेटवर्कवरून कोणालाच बदलता येत नाही, मला स्वतःलाही नाही. आवकीतून संग्रहात फाइली हलवायच्या त्या एसएसएचने सर्व्हरवर जाऊन. हा थोडा त्रास मी मुद्दाम ठेवला आहे. एखाद्या लॅपटॉपवर खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरले, तर ते त्या लॅपटॉपच्या मालकाला जिथे लिहिता येते तिथल्या नेटवर्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करते. संग्रहाला ते वाचण्यापलीकडे काही करू शकत नाही. एक गोष्ट घरातल्यांना आधीच सांगून ठेवावी: सर्व्हरवर पुसलेली फाइल आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. सांबाचा रिसायकल नावाचा जोडभाग चालू केला तर पुसलेल्या फाइली सर्व्हरवरच्याच एका बाजूच्या फोल्डरमध्ये जमा होतात. सामायिक फोल्डरसाठी तो लावणे मी अत्यावश्यक समजते.

विंडोजच्या नेटवर्क यादीत सर्व्हर दिसत नाही म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा जुना उपाय अजून लोकांच्या तोंडी आहे. तो अजिबात करू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने याच पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या कमकुवतपणाचा फायदा घेतला होता, आणि सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. यादीत दिसायलाच हवा असेल तर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम पुरतो. नाहीतर दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचा पत्ता लिहिला की काम होते.

फाइलींच्या नावांबद्दल एक सूचना, जी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा मिळत नाही. ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची आहे. अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी चिन्हे वेगळी मोजली जातात. म्हणजे नाव जेमतेम ८५ चिन्हांचे होऊ शकते. विंडोजवर याहून मोठे मराठी नाव चालते, पण तीच फाइल सर्व्हरवर जाताना अडते आणि कारण चटकन कळत नाही. त्याशिवाय लिनक्सला प्रश्नचिन्ह किंवा विसर्गचिन्हासारखा कोलन नावात चालतो, विंडोजला चालत नाही, आणि अशा फाइलचे नाव विंडोजवरून पाहताना तोडमोड झालेले दिसते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे दोनचार शब्द, एवढ्यावर भागवावे.

आता दोन डिस्क असतील तर त्यांचे काय करावे, हा प्रश्न. पहिला मोह असतो तो दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या आरशाचा, म्हणजे रेड १ चा. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली ती स्वस्त डिस्कांच्या समूहाकडून मोठ्या डिस्कइतके काम करून घेण्यासाठी, आणि एखादी डिस्क मेली तरी काम अडू नये यासाठी. घरात काम अडणे ही मोठी आपत्ती नसते. फोटो दोन दिवस पाहता आले नाहीत तरी चालते. घरातली आपत्ती म्हणजे चुकून पुसलेला फोल्डर, आणि आरसा ते पुसणे त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर इमानाने उतरवतो. म्हणून दोनच डिस्क असतील तर एक मूळ प्रतीसाठी आणि दुसरी बॅकअपसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे. बिट कुजण्याची, म्हणजे डिस्कवरचा मजकूर पडल्यापडल्या नकळत बदलण्याची, काळजी असणाऱ्यांनी झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमचा विचार करावा, कारण त्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम ठेवतात आणि वाचताना तपासतात. पहिल्या सर्व्हरवर मात्र ईएक्सटी४ पुरे आहे.

बॅकअपसाठी आरसिंक हा प्रोग्राम. ते दोन्हीकडच्या फाइलींची तुलना करून फक्त बदललेले तेवढे पाठवते. त्याच्या लिंक-डेस्ट या पर्यायाने दर वेळी तारखेचा नवा फोल्डर करता येतो. त्यात सगळ्या फाइली दिसतात, पण न बदललेल्या फाइली आधीच्या फोल्डरमधल्या फाइलींशी हार्ड लिंकने, म्हणजे एकाच मजकुराला दिलेल्या दुसऱ्या नावाने, जोडलेल्या असल्यामुळे नवी जागा खात नाहीत. अशा रीतीने महिन्याभरापूर्वीचा दिवसही जसाच्या तसा उघडून पाहता येतो. दोन गोष्टींकडे बारीक लक्ष द्यावे. मूळ फोल्डरच्या नावानंतर तिरकी रेघ असेल तर आतला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. आणि डिलीट हा पर्याय मूळ जागी नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही काढतो. वरचा रिकाम्या फोल्डरचा सापळा इथे पुन्हा आठवावा: मूळ डिस्क जोडलेली नसताना डिलीटसह आरसिंक चालले, तर त्याच्या दृष्टीने मूळ प्रत रिकामी असते आणि ते बॅकअपही तितक्याच तत्परतेने रिकामा करते. म्हणून बॅकअपच्या कमांड एकत्र लिहिलेल्या फाइलीच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट या कमांडने दोन्ही डिस्क जोडलेल्या आहेत याची खात्री करावी आणि नसतील तर तिथेच थांबावे. नवी कमांड आधी ड्राय-रन या कोरड्या तालमीच्या पर्यायाने चालवावी. काय होईल ते ती सांगते, करत काही नाही.

बॅकअपची डिस्क त्याच यंत्राला कायम जोडलेली असेल तर विजेचा एक झटका दोन्ही डिस्क घेऊन जाऊ शकतो. तिसरी प्रत घराबाहेर असावी, मग ती नातेवाइकाकडे ठेवलेली डिस्क असो किंवा आधी कूटबद्ध करून इंटरनेटवर ठेवलेली असो. संग्रह फारसा बदलत नसल्यामुळे ती क्वचित ताजी केली तरी निभावते.

घराबाहेरून फाइली पाहाव्यात असे वाटले तर राउटरमधून एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडू नये, कोणत्याही कारणासाठी नाही. बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करणारे वायरगार्ड वापरावे, मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि फोनवर एक अ‍ॅप बसवले की फोन घरच्याच नेटवर्कवर असल्यासारखा वागतो. पहिले काही महिने ही सोय नसली तरी काही बिघडत नाही.

डिस्क बहुधा मरण्यापूर्वी सूचना देते. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या स्मार्ट नावाच्या नोंदी ठेवते त्यांपैकी पाचव्या क्रमांकाची नोंद बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे, मोजते आणि १९७ क्रमांकाची नोंद वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर मोजते. हे आकडे वाढत असतील तर नव्या डिस्कची तयारी करावी. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर मात्र आधी केबल बदलून पाहावी, कारण तो डिस्क आणि यंत्र यांच्यातल्या वाटेवरच्या चुका मोजतो. काही यूएसबी डबे या नोंदी पुढे जाऊच देत नाहीत. डबा घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

उरते ती उलट दिशेची तपासणी, म्हणजे बॅकअपमधून फाइल परत मिळवणे. सर्व्हर बंद करून, बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, एक पूर्ण फोल्डर परत आणावा आणि त्याचे चेकसम सुरुवातीच्या मोजदादीत काढलेल्या चेकसमांशी ताडून पाहावेत; ती यादी जपून ठेवण्याचा हा दुसरा उपयोग. हे करताना लगेच ध्यानात येते, की ईएक्सटी४ ची डिस्क विंडोजला सरळ वाचता येत नाही. जोडल्यावर विंडोज ती फॉरमॅट करू का असे विचारते, आणि घाबरलेला माणूस होय म्हणू शकतो. त्यामुळे डिस्कच्या डब्यावरच फॉरमॅट करू नये असे ठळक लिहिले आहे, शेजारी लिनक्स थेट सुरू होणारी एक यूएसबी ठेवली आहे, आणि एका कागदावर यंत्राचा पत्ता, कोणती डिस्क मूळ आणि कोणती बॅकअपची, ती कशी जोडायची आणि कूटबद्ध प्रतीची किल्ली कुठे आहे, एवढे लिहून ठेवले आहे. तो कागद वाचून घरातल्या दुसऱ्या माणसाने, मी मध्ये न बोलता, एक फाइल परत आणून दाखवली, त्यानंतरच मी जुन्या डिस्क पुसायला घेतल्या.